आवाजाची जन्मपत्रिका

मूल जन्माला आले की आपल्याकडे घरातली वडीलधारी मंडळी प्रथम घड्याळाकडे पाहतात. गाव कोणते आणि वेळ कोणती, एवढ्या दोन गोष्टी टिपून ठेवल्या की पुढे पत्रिका मांडता येते. वेळ चुकली की लग्न बदलते, लग्न बदलले की ग्रहांची घरे बदलतात, आणि मग ज्योतिषी कितीही जाणता असला तरी भलत्याच माणसाचे भविष्य सांगत बसतो. पत्रिकेवर कोणाचा विश्वास असो वा नसो, हा हिशेब सर्वांना समजतो.

आवाजालाही असाच एक जन्म असतो. गवई गातो तेव्हा त्याचा सूर हवेत विरून जातो. पण एखाद्या दिवशी, एखाद्या खोलीत, तो मेणाच्या चकतीवर कोरला जातो आणि त्या क्षणापासून त्याला गवयाहून वेगळे, स्वतःचे आयुष्य लाभते. गवई जातो, चकतीवरचा आवाज राहतो. अशा आवाजाचे जन्मस्थळ कोणते आणि जन्मवेळ कोणती, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही. जुनी तबकडी हाती घ्या. मधल्या गोल कागदावर गवयाचे नाव आहे, रागाचे नाव आहे, नाटकाचे नाव आहे, कंपनीचा क्रमांक आहे. गाव नाही. तारीख नाही.

परदेशातील तरुण मंडळींना त्यांच्या वाद्यवृंदांच्या बाबतीत ही माहिती तोंडपाठ असते. बीटल्स या इंग्रज चौकडीच्या पहिल्या मोठ्या तबकडीतील चौदांपैकी दहा गाणी लंडनच्या अ‍ॅबे रोडवरील स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली, हे त्या संगीताचा कोणीही भक्त घडाघडा सांगेल. तो स्टुडिओ ज्या ई. एम. आय. कंपनीचा होता, ती १९३१ साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली. त्यांतली एक होती ग्रामोफोन कंपनी. आणि याच ग्रामोफोन कंपनीने आपल्या गवयांचे, नटांचे, गायिकांचे आवाज प्रथम मेणावर उतरवले. कंपनी एकच, एका घरच्या मुलाची पत्रिका तयार, दुसऱ्याची मात्र शोधावी लागते. हा शोध कसा लागतो आणि तो लागला नाही तर आपले काय बिघडते, ते या लेखात पाहायचे आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारे यंत्र केले. त्यात आवाज नळकांड्यावर उमटत असे. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने नळकांडे सोडून चपटी तबकडी घेतली आणि एका मूळ ठशावरून हजारो प्रती काढण्याचा मार्ग खुला झाला. १८९८ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये असलेल्या काही भारतीयांचे आवाज कंपनीने मुद्रित केले. परंतु ते परदेशी बसून केलेले पठण-गायन. हिंदुस्थानच्या भूमीवर हे काम सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यास. फ्रेड गैसबर्ग नावाचा तरुण ध्वनिमुद्रक आगबोटीने यंत्रे घेऊन आला, हॉटेलात त्याने आपले बिऱ्हाड थाटले, आणि काही आठवड्यांत पाचशेहून अधिक मुद्रणे करून तो चीन-जपानकडे गेला. ८ नोव्हेंबरला रंगभूमीवरील दोन बंगाली मुलींचे गाणे प्रथम घेतले गेले. लगेच तीन दिवसांनी गौहरजान त्या कर्ण्यापुढे उभी राहिली.

या १९०२ सालाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावे. भाऊराव कोल्हटकर, म्हणजे आपल्या आजा-पणज्यांचा ‘भावड्या’, १३ फेब्रुवारी १९०१ रोजी वारला. किर्लोस्कर मंडळीत १८८२ साली आलेला हा नट. त्याच्या गळ्याची वर्णने वाचून आजही अंगावर रोमांच उभे राहतात. त्याच्या मृत्यूनंतर पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच ध्वनिमुद्रणाचे यंत्र आपल्या देशी उतरले. भाऊराव गेला तेव्हा त्याचे वय अवघे सदतीस-अडतीस होते. त्याला आणखी चार-पाच वर्षांचे आयुष्य लाभते, तर ‘सौभद्रा’तील सुभद्रा कशी गात होती याविषयी आपल्याला पुस्तकांवर विसंबावे लागले नसते. पत्रिकेतील काही महिन्यांच्या फरकाने केवढा घात होतो, याचे याहून मोठे उदाहरण मराठी रंगभूमीच्या इतिहासात दुसरे नसेल.

आता शोधाकडे वळू. तारीख नसलेल्या तबकडीची तारीख कशी काढायची?

पहिली खूण कानाची. अगदी आरंभीच्या तबकड्यांत गाणे संपता संपता गायिका आपले नाव स्वतःच पुकारते. गौहरजानचे ते इंग्रजीतील पुकारणे पुढे फारच प्रसिद्ध झाले. आज आपल्याला त्यात नखरा दिसतो. वस्तुतः ती सोय होती. मेणाचे मूळ ठसे आगबोटीने जर्मनीतील हॅनोव्हर शहरी जात आणि तेथे तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिराला ना हिंदी येत होते, ना मराठी, ना बंगाली. हा आवाज कोणाचा, हे त्याला चकतीनेच सांगावे लागे. पुढे कलकत्त्यास सियालदहजवळ कंपनीचा कारखाना निघाला. तो १९०८ साली सुरू झाला. तेव्हा ‘हॅनोव्हर’ हा शब्द तबकडीवर दिसला तर ती त्या आधीच्या किंवा त्या आसपासच्या काळातली, असा तर्क चालतो.

दुसरी खूण चित्राची. एच. एम. व्ही.चा कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. परंतु तो आपल्या तबकड्यांवर पहिल्यापासून नव्हता. आधी होता पंख असलेला एक लहानगा देवदूत, हातातील लेखणीने चकतीवर लिहीत बसलेला. देवदूत दिसला की तबकडी जुनी, कुत्रा दिसला की त्यानंतरची. तशीच बाजूंची खूण. सुरुवातीच्या तबकडीची एकच बाजू वाजत असे, पाठ कोरी असे. दोन्ही बाजूंना गाणे ही नंतरची सुधारणा.

तिसरी खूण अंकांची, आणि तीच सर्वांत भरवशाची. कागदावर छापलेला क्रमांक हा विक्रीचा क्रमांक, दुकानदाराच्या सोयीचा. खरा क्रमांक असतो तो कागदाच्या कडेला, काळ्या गुळगुळीत भागात कोरलेला. तबकडी दिव्यापुढे तिरपी धरली की तो दिसतो. हा मूळ ठशाचा क्रमांक. एका दौऱ्यात जे जे मुद्रण झाले त्याला ओळीने हे अंक पडत गेले. अंकाशेजारी एखादे बारीक इंग्रजी अक्षर असते; मुद्रण कोणत्या साहेबाने केले आणि तबकडी सात इंची, दहा इंची की बारा इंची, हे त्यावरून कळते. अमुक साहेब अमुक साली हिंदुस्थानात होता, तमुक गावाहून पुढे तमुक गावी गेला, हे कंपनीच्या दप्तरात आहे. ओळीतल्या एका अंकाचे गाव आणि दिवस कळला की शेजारच्या अंकांचेही उलगडत जाते. शेताच्या बांधावरचा एक दगड सापडला की मोजणीदार साऱ्या शिवाराची हद्द काढतो, त्यातलाच हा प्रकार.

पुढे १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण निघाले. तोपर्यंत कर्णा हाच कान होता. गवयाने त्यात तोंड घालून गायचे, तबला-सारंगी मागे-पुढे बसवायची, आणि तंबोऱ्याचा झणत्कार बहुतेक हवेतच राहायचा. विजेचा मायक्रोफोन आल्यावर मंद सूरही पकडता येऊ लागला. ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर या काळात मूळ क्रमांकापाशी लहानसा त्रिकोण दिसतो. १९३१ नंतर नवी पद्धत आली तेव्हा त्याची जागा चौकोनाने घेतली. एवढेसे चिन्ह, पण ते पाहिले की तबकडी १९२५ च्या अलीकडची हे निश्चित होते.

चौथी खूण आपल्या घरची आहे आणि ती मराठी माणसालाच दिसेल. ती म्हणजे नाटकाचे साल. ‘मानापमान’ रंगभूमीवर आले १२ मार्च १९११ रोजी. ‘स्वयंवर’ आले १० डिसेंबर १९१६ रोजी. ‘स्वयंवरा’चे पद ज्या तबकडीवर आहे, ती त्या तारखेच्या आधीची धरण्यात अर्थ नाही. ‘सौभद्रा’च्या पदावरून मात्र काहीच कळत नाही, कारण ते नाटक १८८२ पासून गाजतच होते. साहेबाच्या दप्तरात नाटकांच्या तारखा नाहीत. त्या आपल्या जाहिरातींत, हस्तपत्रकांत, नटांच्या आठवणींत आहेत. म्हणून हा शोध निम्मा लंडनला लागतो, तर निम्मा पुण्या-मुंबईला, आणि थोडासा आमच्या सिंदीसारख्या आडबाजूच्या स्टेशनाच्या गावीही लागू शकतो.

कोणी म्हणेल, गाणे कानाला गोड लागले की झाले. साल घेऊन काय करायचे आहे? शंका रास्त आहे आणि तिला उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत आहे.

खाँसाहेब मूळचे कैराण्याचे, जन्म १८७२ चा. पण मिरजेत राहून ते आपलेच झाले. त्यांचे गाणे दोन खेपांना तबकडीवर आले. पहिली खेप १९०५ च्या सुमाराची. तेव्हा ते ऐन तिशीत होते आणि पुढे कर्णा होता. दुसरी खेप १९३४ नंतरची, ओडियन कंपनीसाठी. तेव्हा साठी उलटलेली आणि पुढे विजेचा मायक्रोफोन. झिंझोटीतील आणि भैरवीतील ज्या ठुमऱ्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, त्या या दुसऱ्या खेपेच्या. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. म्हणजे ज्या आवाजाला आपण ‘खाँसाहेबांचा आवाज’ म्हणतो तो त्यांच्या अखेरच्या तीन-चार वर्षांतला आहे. तरुण खाँसाहेब ऐकायचे तर पहिल्या खेपेकडेच जावे लागते.

आणि तेथेच खरी मेख आहे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, हे आपण धरूनच चालतो. पण हा आकडा पुढे ठरला. पहिल्या काळात कोणी ७० फेऱ्यांवर मुद्रण करी, कोणी ७४ वर, कोणी ८० वर. आता समजा एखादे गाणे ७४ फेऱ्यांवर घेतले आणि आपण ते ७८ वर वाजवले. तीन मिनिटांचे गाणे सुमारे नऊ सेकंद आधी संपेल. ते सोडून द्या. पण सूरही जवळजवळ एक पट्टी वर चढेल. गवयाने पांढरी एकचा षड्ज लावला असेल, तर आपल्याला तो काळी एकच्या शेजारी ऐकू येईल. आवाज खऱ्याहून पातळ आणि बारीक वाटेल, तान खऱ्याहून चपळ वाटेल. मग आपण म्हणणार, ‘जुने लोक काय चढे गात!’ आणि तरुण मुले त्या गतीची नक्कल करू पाहणार. ज्या गतीने गवई कधी गायलाच नाही, ती गती आपण परंपरा म्हणून पुढच्या पिढीच्या हवाली करणार.

हे कोणाच्याही बाबतीत वाईटच. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या बाबतीत तो क्रूर विनोद आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे गोरे अधिकारी यांनी १९१० च्या आगेमागे बावीस श्रुतींची मोजदाद आरंभली, तेव्हा एकेका श्रुतीचे नेमके स्थान गळ्यातून दाखवण्याचे काम खाँसाहेबांनी केले. सुराच्या बाविसाव्या हिश्शासाठी ज्याने जीव टाकला, त्याचाच सूर आपण यंत्राच्या फेऱ्यांपायी एका पट्टीने हलवायचा! साल कळले, मुद्रक कळला, त्या दौऱ्यातील इतर तबकड्यांची गती कळली, म्हणजे ही चूक दुरुस्त करता येते. साथीची पेटीही साक्षीला येते. तिचे सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळताना दिसले, की गती चुकली असा संशय घ्यावा. जन्मवेळ चुकली की भलत्याच माणसाचे भविष्य निघते, असे आरंभी म्हटले ते याच अर्थाने.

दुसरे उदाहरण बालगंधर्वांचे. घरोघर त्यांचे नाव निघते, पण कोणत्या बालगंधर्वांचे? १८८८ साली जन्मलेले नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली त्यांनी स्वतःची गंधर्व मंडळी काढली, आणि १९६७ साली ते निवर्तले. कर्ण्यापुढे गाणारे बालगंधर्व वेगळे आणि विजेच्या काळातले, चाळिशी ओलांडलेले बालगंधर्व वेगळे. पहिल्यांत कोवळी धार आहे, दुसऱ्यांत मुरलेला लडिवाळपणा आहे. दोन्ही खरे, परंतु एकाच्या जागी दुसरे ठेवून गंधर्वगायकीविषयी वाद घालणे म्हणजे बापाच्या फोटोवर मुलाचे वय लिहिण्यासारखे आहे.

यात आणखी एक हळवी जागा आहे. ‘स्वयंवरा’च्या चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. बुवांचा स्वतःचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. थोर अल्लादिया खाँसाहेबांचाही नाही. बुवा १९२२ साली गेले. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती बालगंधर्व, मास्तर कृष्णराव अशा शिष्यांच्या कंठातून. तेव्हा शिष्याची अमुक तबकडी १९२२ च्या आधीची की नंतरची, हा प्रश्न कोरड्या हिशेबाचा राहत नाही. आधीची असेल, तर ती गाताना गुरू हयात होता, पुढच्या बैठकीत तो कान उपटू शकत होता. नंतरची असेल, तर शिष्य आठवणीच्या आधारावर गात होता. एका सालाच्या अलीकडे-पलीकडे त्या गाण्याचा अर्थ बदलतो.

गवयांचे झाले, आमच्या वर्धा जिल्ह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या महात्माजींच्या आवाजाचीही अशीच कथा आहे. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांचे जे इंग्रजी भाषण तबकडीवर आहे, ते सेवाग्रामच्या कुटीत मुद्रित झाले असेल असे आमच्या भागातल्या माणसाला सहज वाटावे. तसे नाही. गोलमेज परिषदेसाठी ते विलायतेला गेले असता १९३१ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या पूर्व भागातील किंग्स्ले हॉलमध्ये ते राहत होते. तेथे कोलंबिया कंपनीने हे मुद्रण केले. राजकारणावर न बोलता त्यांनी ‘यंग इंडिया’तील आपला १९२८ सालचा लेख वाचून दाखवला. सेवाग्रामला ते राहायला आले १९३६ साली. साल आणि स्थळ कळले म्हणजे त्या शांत आवाजाभोवतीचे चित्रच पालटते. बाहेर साम्राज्याच्या राजधानीत वाटाघाटी ओढाताणीला लागलेल्या आहेत, आणि हा माणूस मजुरांच्या वस्तीतल्या एका खोलीत बसून ईश्वरावर बोलतो आहे! सेवाग्रामच्या निवांत संध्याकाळी तेच शब्द वेगळे ऐकू आले असते.

या शोधाला वाहून घेतलेली माणसे आहेत, ही समाधानाची गोष्ट. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीची दप्तरे चाळून १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची केली; ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. मुंबईतच १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था निघाली, आणि भौतिकशास्त्राचे अभ्यासक सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम नेटाने चालवले. परदेशी माणसाने आपल्या गवयांच्या तारखा लावाव्यात याची खंत वाटण्याचे कारण नाही. आपली खंत वेगळी असावी. कंपनीच्या दप्तरात जे नाही ते आपल्या कपाटांत असताना आपण ते रद्दीत घालतो, ही.

कारण तबकडीचे शत्रू फार. हातातून पडली की तिचे तुकडे होतात. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, त्यांतून नव्या केल्या गेल्या. एक आवाज मोडून दुसरा घडवला. आपल्याकडे युद्धाचीही गरज नव्हती. चावीचा फोनो मोडला की तबकड्या भांड्यांवर झाकण म्हणून गेल्या. यंदाच्या दिवाळीत कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पेटी निघाली, तर एवढे करावे. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी. जुन्या लोखंडी सुईखाली ती घालू नये, सुई खाचा खाते. दिव्यापुढे धरून कडेचा कोरीव अंक उतरवून घ्यावा. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे, ही कोणी आणली, कोणत्या गावाहून, कोणाच्या लग्नाच्या आधी की नंतर? ते उत्तर कागदावर लिहून तबकडीच्या पाकिटात ठेवावे. आजीच्या लग्नाचे साल हेही साल आहे. ती तबकडी त्यापूर्वी बाजारात आली होती, एवढे त्यावरून ठरते, आणि कित्येकदा दप्तर जेथे थांबते तेथून पुढे असल्याच आठवणी वाट दाखवतात.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. ती काळी तबकडी कशाची असे? लाखेची. दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि अंग धरून राहावे म्हणून कापसाचे तंतू, हे सारे लाखेत कालवून तिचा ठसा उठवीत. ती लाख जगाला बहुतेक सारी हिंदुस्थानच पुरवी. पळसावर, कुसुमावर, बोरीवर बसणाऱ्या एका किड्याचे ते देणे. आमच्या विदर्भाच्या पूर्वेकडील जंगलांत ते मुबलक होते. गोंदियाला लाखेचे कारखाने होते. आणि कापसाचे तर सांगायलाच नको. आमच्या सिंदीच्या स्टेशनाने त्याच्या गाठीच गाठी पाहिल्या आहेत. परदेशी यंत्राने आवाज धरला खरा, पण तो ज्यावर धरला ती माती आपली, झाड आपले, किडा आपला, आणि गळाही आपला. त्याचे गाव आणि साल लिहून ठेवण्याचे कामही आपलेच नव्हे काय?